आरोग्यशास्त्राचं पहिलं वर्ष: अभ्यास आणि परीक्षेची तयारी कोणत्या क्रमाने करावी

वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, शाखा कोणतीही असो, पहिल्या चाचणीनंतर एकच तक्रार ऐकू येते: "तीनदा वाचलं होतं, पण पेपर समोर आला आणि काहीच आठवेना." असं म्हणणारे विद्यार्थी आळशी नसतात. त्यांची पुस्तकं तीन रंगांनी भरलेली असतात, नोट्स सुवाच्य असतात, जागरणंही झालेली असतात. चुकलेला असतो तो क्रम. आधी सगळं वाचायचं, मग नोट्स काढायच्या, मग त्याच नोट्स पुन्हा वाचायच्या आणि वेळ उरलाच तर स्वतःला प्रश्न विचारायचे, असा तो क्रम असतो. शाळेत हे निभावतं, कारण भाग थोडा असतो. इथे अॅनाटॉमीचा एक हात संपेपर्यंत शेकडो नावं समोर येतात आणि तोवर फिजिऑलॉजी व बायोकेमिस्ट्री पुढे निघून गेलेली असते.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. प्रश्न आधी, वाचन मर्यादित आणि सगळ्यात जास्त वेळ पुस्तक मिटून आठवण्याला.

## टप्पा १: पुस्तक उघडण्याआधीची तयारी

पहिल्या आठवड्यातच तीन गोष्टी जमवा: अभ्यासक्रमाची प्रत, मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि गुणांची विभागणी. लेखी किती, प्रॅक्टिकल किती, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) किती, वर्षभरातल्या चाचण्यांचे किती, हे पक्कं माहीत हवं. प्रॅक्टिकल आणि व्हायव्हाचा वाटा बराच मोठा असतो आणि कितीतरी विद्यार्थ्यांना हे शेवटच्या महिन्यात कळतं.

मग प्रत्येक विषयाच्या प्रश्नपत्रिका घेऊन तासभर बसा. प्रश्न सोडवायचे नाहीत, ते कसे विचारले जातात एवढंच बघायचं. "वर्णन करा", "आकृतीसह स्पष्ट करा", "कारण द्या", "फरक सांगा" या चार प्रश्नांसाठी एकच धडा चार वेगळ्या पद्धतींनी तयार करावा लागतो. जे विषय दर वर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतात त्यांच्यापुढे अभ्यासक्रमाच्या प्रतीवर खूण करा. ही प्रत वर्षभर भिंतीवर किंवा वहीच्या पहिल्या पानावर राहू द्या.

प्रत्येक विषयाला एकच मुख्य पुस्तक ठरवा. कोणतं, ते शिक्षकांना आणि एक वर्ष पुढे असलेल्या विद्यार्थ्यांना विचारा. अॅनाटॉमीला त्याच्या जोडीला एक अॅटलास (आकृत्यांचं पुस्तक) लागतो. दुसरं पुस्तक फक्त अडलं तरच उघडायचं.

वेळापत्रक आखताना दिवसाचे तास कागदावर जितके दिसतात तितके धरू नका. लेक्चर, प्रॅक्टिकल, प्रवास, जेवण आणि झोप वजा केल्यावर बहुतेकांच्या हातात रोज तीन ते चार तास उरतात. त्यांचे तीन ठरलेले भाग करा: आजचं आजच करण्याचा, जुन्याच्या उजळणीचा आणि साचलेल्या भागाचा. सुरुवातीला तिसरा भाग रिकामा वाटेल, तरी तो ठेवाच. महिन्याभरात त्याची गरज लागते.

सावधान: पीडीएफ, व्हिडिओ आणि वरच्या वर्गाच्या नोट्स गोळा करत बसणं अभ्यासासारखं वाटतं, पण तो अभ्यास नव्हे. एका विषयासाठी तीन ठिकाणांहून वाचलं की तीन वेगळ्या मांडण्या डोक्यात जातात आणि ऐनवेळी एकही पूर्ण आठवत नाही.

## टप्पा २: लेक्चरच्या आधी पंधरा मिनिटं

उद्याच्या विषयाची शीर्षकं, आकृत्या आणि ठळक शब्द नजरेखालून घाला. सगळं समजायला हवं असं नाही. नवे शब्द आधी एकदा डोळ्यांखालून गेले, की लेक्चरमध्ये ते नुसते उतरवून घेण्यात लक्ष खर्च होत नाही. एक-दोन प्रश्न मनात घेऊन जा, इतकंच.

लेक्चर चालू असताना प्रत्येक वाक्य लिहू नका. पुस्तकात नसलेली मांडणी, शिक्षकांनी फळ्यावर काढलेली आकृती आणि "हे नेहमी चुकतं" असं सांगून दाखवलेली जागा, या तीन गोष्टी टिपल्या तरी पुरे.

## टप्पा ३: त्याच दिवशी कोरा कागद

सगळ्यात जास्त वगळला जाणारा आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा टप्पा हाच. लेक्चर झालं त्याच संध्याकाळी, पुस्तक उघडण्यापूर्वी, कोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहा. वाक्यं नीट नसली तरी चालतील. आकृती वेडीवाकडी चालेल. दहा-पंधरा मिनिटं द्या आणि अडलं तरी लगेच पुस्तकाकडे हात नेऊ नका. अडून आठवण्याची ती धडपड वाया जात नाही, खरं शिकणं तिथेच होतं.

मग पुस्तक उघडा आणि वेगळ्या शाईने कागद पुरा करा. राहिलेलं भरा, चुकलेलं खोडून दुरुस्त करा. वाचन आता करायचं, आणि तेही राहिलेल्या जागांचं जास्त, जमलेल्यांचं कमी. शेवटी तो कागद बाजूला ठेवून अवघड गेलेला एक भाग पुन्हा कोऱ्या कागदावर काढा.

ब्रेकियल प्लेक्ससचं, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांच्या (नर्व्हच्या) जाळ्याचं, उदाहरण घेऊ. पहिल्या कागदावर बहुतेकांना इतकंच येतं: मणक्यातून निघणारी सी५ ते टी१ ही पाच मुळं आणि शेवटी पाच नसा. मधलं जाळं धूसर असतं. दुसऱ्या शाईने भरताना नुसती नावं भरू नका, जोडण्या भरा. पाच मुळांची तीन ट्रंक होतात, प्रत्येक ट्रंकची पुढची आणि मागची अशी दोन डिव्हिजन मिळून सहा, आणि त्यांच्या तीन कॉर्ड. तिन्ही मागच्या डिव्हिजन एकत्र येऊन पोस्टेरियर कॉर्ड होते, वरच्या दोन ट्रंकच्या पुढच्या डिव्हिजन मिळून लॅटरल कॉर्ड, आणि खालच्या ट्रंकची पुढची डिव्हिजन एकटीच मेडियल कॉर्ड म्हणून पुढे जाते. हे एकदा स्वतःच्या हाताने जोडलं की अॅक्सिलरी आणि रेडियल नसा पोस्टेरियर कॉर्डच्या का, आणि मीडियन नर्व्हला दोन कॉर्डमधून मुळं का येतात, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. पुढच्या कोऱ्या कागदावर आकृती आपोआप उभी राहते.

वाचताना सगळं येतंय असं का वाटतं, हेही समजून घ्या. पाहिलेलं पान पुन्हा समोर आलं की ते ओळखीचं वाटतं आणि आपण त्या ओळखीलाच "येतं" असं समजतो. चेहरा ओळखीचा वाटावा पण नाव ओठांवर येऊ नये, तशी ही अवस्था असते. परीक्षेत मात्र नावच विचारतात. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हा फरक स्वच्छ दिसला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र ज्यांनी उतारा न बघता आठवून लिहिला होता, ते पुढे निघाले. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

सावधान: रंगीत पेनने ओळी अधोरेखित करायच्याच असतील तर कोऱ्या कागदानंतर करा आणि फक्त राहिलेल्या जागांवर करा. पहिल्याच वाचनात अधोरेखित केलं की अख्खं पान रंगतं, आणि महत्त्वाचं काय हे ठरवायचं राहूनच जातं.

तपासा: झोपण्यापूर्वी आजच्या तिन्ही विषयांतली प्रत्येकी एक गोष्ट कुणालातरी, किंवा मोठ्याने स्वतःलाच, न बघता समजावून सांगता येते का? जिथे "म्हणजे ते... काहीतरी" असं अडखळता, तिथली खूण उद्याच्या उजळणीसाठी करून ठेवा.

## टप्पा ४: उजळणीच्या तारखा आधीच लिहा

"वेळ मिळेल तेव्हा उजळणी" असं ठरवलं की ती होत नाही. धडा झाला त्याच दिवशी पुढच्या तारखा लिहून टाका: दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी आणि त्यानंतर महिन्यातून एकदा. आकडे अगदी तंतोतंत पाळण्याची गरज नाही. अंतर वाढत जायला हवं आणि प्रत्येक वेळी आधी आठवायचं, मग बघायचं, हा क्रम तोच राहायला हवा. चांगलं येणारा भाग पुढे ढकला, अडणारा अलीकडे आणा.

सुटे तपशील, म्हणजे नसांचा पुरवठा, एन्झाइमची नावं, सामान्य मूल्यं, यांच्यासाठी कार्ड सोयीची पडतात. कागदाची करा किंवा अँकीसारख्या अॅपमध्ये, पण नियम सारखेच:

1. आधी समजून घ्या, मग कार्ड करा. न समजलेल्या गोष्टीचं कार्ड म्हणजे नुसती घोकंपट्टी.
2. एका कार्डावर एकच प्रश्न. "रेडियल नर्व्हबद्दल सर्व काही" हे कार्ड नव्हे. "ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) मध्यभागी, मागच्या बाजूला हाड मोडलं तर कोणती नस धोक्यात आणि हाताची कोणती हालचाल जाते?" हे कार्ड.
3. उत्तर आधी मोठ्याने म्हणा, मगच उलटा. मनातल्या मनात "हो, माहितीये" म्हणत उलटणं हा स्वतःला फसवण्याचा सोपा रस्ता आहे.
4. रोज नवी कार्ड मोजकीच. नव्यांचा ढीग केला की दोन आठवड्यांत जुन्यांची उजळणी इतकी साचते की विद्यार्थी अॅपच उघडेनासा होतो.

दुसऱ्या कुणाची हजारो तयार कार्ड उतरवून घेण्याचा मोह टाळा. कार्ड करताना "यातलं विचारण्यासारखं काय" हे ठरवावं लागतं, आणि तो विचार अर्ध्या अभ्यासाइतका मोलाचा असतो.

## टप्पा ५: प्रत्येक विषयाची वेगळी रीत

एकाच पद्धतीने तिन्ही विषय वाचणं ही फार सार्वत्रिक चूक आहे.

### अॅनाटॉमी: हाडापासून सुरुवात

नावांची यादी घेऊन बसू नका. आधी हाड हातात घ्या. उजवं की डावं हे ठरवा, ते शरीरात जसं असतं तसं धरा, त्यावरच्या खुणा बोटाने फिरून ओळखा. मग त्या खुणांना चिकटणारे स्नायू, मग स्नायूंची हालचाल, मग नस, मग रक्तवाहिनी, आणि शेवटी "इथे इजा झाली तर काय होईल". या क्रमाने गेलात तर मागची पायरी पुढचीला आधार देते.

ह्यूमरसच बघा. सर्जिकल नेकजवळ (हाडाच्या वरच्या निमुळत्या भागाजवळ) अॅक्सिलरी नर्व्ह, मागच्या खाचेत रेडियल, आतल्या एपिकॉन्डाइलच्या (कोपराजवळच्या उंचवट्याच्या) मागे अल्नर. तीन जागा, तीन नसा. पहिलीला इजा झाली तर डेल्टॉइड (खांद्याचा स्नायू) दुबळा पडून दंड बाजूला उचलणं कठीण, दुसरीला झाली तर मनगट लुळं, तिसरीला झाली तर बोटं नख्यांसारखी वळलेली. हाड हातात असताना हे एकदा बोटाने दाखवून म्हणालात तर पुस्तकातला तक्ता पाठ करायची वेळ येत नाही.

डिसेक्शनला जाण्याआधी, आज काय दिसणार आहे, त्यातल्या पाच रचनांची यादी खिशात ठेवा. टेबलाभोवती गर्दी असते, मागे उभं राहून वेळ निघून जातो. पाच रचना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. ज्यांनी आपला देह शिक्षणासाठी दिला त्यांच्यापुढे आपण उभे आहोत, ही जाणीव ठेवून वागा.

हिस्टॉलॉजीत (ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या अभ्यासात) रंगावर विसंबू नका. स्लाइड बदलली की गुलाबी-जांभळ्याची छटा बदलते. प्रत्येक स्लाइडसाठी ओळखीच्या दोन-तीन पक्क्या खुणा ठरवा. स्नायूंच्या स्लाइडमध्ये आडवे पट्टे आणि केंद्रकं कडेला असतील तर स्केलेटल. तंतूंना फाटे फुटलेले, केंद्रक मध्यभागी आणि इंटरकॅलेटेड डिस्क दिसत असतील तर कार्डियाक. पट्टे नाहीत आणि पेशी चातीसारख्या निमुळत्या असतील तर स्मूथ. कमी मॅग्निफिकेशनवर आधी सगळी स्लाइड बघा, मग वर जा. थेट मोठ्या मॅग्निफिकेशनवर गेलात तर अवयवाची एकूण रचनाच नजरेतून सुटते.

### फिजिऑलॉजी: बाणांच्या साखळ्या

या विषयात व्याख्या पाठ करून भागत नाही. प्रत्येक विषयाची कारण-परिणामांची साखळी बाणांनी काढा. समजा रक्तस्राव झाला. रक्ताचं आकारमान कमी, म्हणून हृदयाकडे परतणारं रक्त कमी, म्हणून दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी, म्हणून कार्डियाक आउटपुट (मिनिटाला बाहेर पडणारं रक्त) कमी, म्हणून दाब कमी. मग कॅरोटिड सायनस आणि एऑर्टिक आर्चमधल्या बॅरोरिसेप्टरकडून (रक्तदाबाचा ताण टिपणाऱ्या चेतातंतूंकडून) जाणारे संदेश घटतात, सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा जोर वाढतो, ठोके वाढतात, वाहिन्या आकसतात, दाब सावरतो.

यात नेहमी चुकणारी जागा म्हणजे "दाब कमी झाल्यामुळे बॅरोरिसेप्टर उत्तेजित होतात" असं लिहिणं. ते दाबाच्या ताणाने उत्तेजित होतात. दाब घटला की त्यांचे संदेश कमी होतात, आणि त्यामुळेच सिम्पथेटिकवरचा लगाम सुटतो. साखळी स्वतः काढणाऱ्याला ही चूक जागीच सापडते. वाचणाऱ्याला ती पेपर हातात आल्यावर कळते.

आलेखांचंही असंच. ऑक्सिजन-हिमोग्लोबिनचा वक्र काढताना आधी दोन्ही अक्षांना नाव आणि एकक द्या, मग रेघ काढा. वक्र उजवीकडे सरकला म्हणजे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल झाली, ऊतींना ऑक्सिजन सोडणं सोपं झालं. कार्बन डायऑक्साइड, उष्णता आणि आम्लता वाढली की असं होतं. "काम करणाऱ्या स्नायूला ऑक्सिजन जास्त हवा, आणि तिथे या तिन्ही गोष्टी वाढलेल्या असतात" हे एक वाक्य डोक्यात असलं की उजवं-डावं उलटं होत नाही.

थोडी मूल्यं मात्र जिभेवर हवीतच. दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७२ ठोके धरले तर कार्डियाक आउटपुट मिनिटाला सुमारे ५ लिटर येतं. जीएफआर (मूत्रपिंडांत गाळल्या जाणाऱ्या द्रवाचा वेग) मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १८० लिटर. अशी मूल्यं गणित करून लक्षात ठेवा, सुटी नको.

### बायोकेमिस्ट्री: आधी नकाशा, मग रचना

विद्यार्थी ग्लायकोलिसिसच्या (ग्लुकोज तोडून ऊर्जा मिळवण्याच्या मार्गाच्या) दहा पायऱ्या पाठ करायला बसतात आणि चौथ्या पायरीवर कंटाळतात. आधी पाच प्रश्नांची उत्तरं मिळवा: कुठून सुरुवात, कुठे शेवट, पेशीत कोणत्या जागी, कोणत्या पायऱ्यांवर नियंत्रण आणि हिशेबाअंती काय मिळालं. ग्लुकोजपासून पायरुवेट, सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात), नियंत्रण प्रामुख्याने हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१ आणि पायरुवेट कायनेज यांवर, निव्वळ २ एटीपी आणि २ एनएडीएच (ऊर्जा वाहणारे रेणू). एवढा सांगाडा उभा राहिला की मधल्या पायऱ्या भरणं हलकं होतं.

मग एक "का" विचारा. प्रगल्भ तांबड्या पेशीत पायरुवेटचं लॅक्टेट का होतं? कारण तिला मायटोकॉन्ड्रिया नसतात. असे "का" व्हायव्हात हमखास येतात. सगळे मार्ग एका मोठ्या कागदावर एकत्र काढा आणि दर आठवड्याला एक नवा मार्ग त्याच कागदावर जोडा. कुठल्या रेणूपाशी रस्ते मिळतात हे दिसू लागलं की विषयाची भीती कमी होते.

तपासा: तिन्ही विषयांचा एकेक जुना प्रश्न आज, तयारी झालेली नसताना, न बघता लिहून पाहा. कोणत्या विषयात लिहिताच येत नाही आणि कोणत्यात लिहिता येतं पण उत्तर चुकतं, हे वेगळं काढा. पहिल्याला टप्पा ३ जास्त लागेल, दुसऱ्याला टप्पा ४.

## टप्पा ६: मागे पडलात तर

मागे सगळेच पडतात. पुढची चूक तिथून सुरू होते: चालू लेक्चर सोडून पहिल्या पानापासून वाचायला घेणं. दोन आठवड्यांत जुनंही अर्धं राहतं आणि नवंही साचतं. चालू भाग टप्पा २ आणि ३ प्रमाणे चालूच ठेवा. साचलेलं फक्त त्याच्या ठरलेल्या तासात, आणि पानांच्या क्रमाने न घेता खुणा केलेल्या विषयांच्या क्रमाने उरका.

झोपेतून वेळ काढू नका. शिकलेलं पक्कं बसण्यात झोपेचा वाटा आहे, आणि रात्रभर जागून वाचलेलं दुसऱ्या दिवशी लेक्चरमध्ये डुलक्या घेत गमावलं जातं. अनेक आठवडे झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, रडू येत असेल तर तो इच्छाशक्तीचा प्रश्न समजू नका. विश्वासातल्या शिक्षकांशी, घरच्यांशी किंवा समुपदेशकाशी लगेच बोला.

## टप्पा ७: प्रॅक्टिकल आणि जर्नल

जर्नल त्याच आठवड्यात पूर्ण करून सही घ्या. शेवटी साचलेली आकृत्यांची वही उजळणीचे अमूल्य दिवस खाऊन टाकते.

प्रॅक्टिकलची कृती वाचून येत नाही, हाताने करावी लागते. रक्तदाब मोजण्यात गुण जातात ते ठरलेल्या जागी. माणसाला पाच मिनिटं शांत बसवलेलं नसतं, दंड हृदयाच्या पातळीवर नसतो, किंवा नाडी हाताने न चाचपता थेट स्टेथोस्कोप लावलेला असतो. आधी नाडी धरून कफ फुगवा, नाडी लागेनाशी होते तो आकडा बघा, हवा सोडा. मग त्या आकड्याच्या सुमारे ३० वर फुगवून सेकंदाला २ ते ३ मिलिमीटरच्या गतीने सोडत ऐका. पहिला आवाज वरचा दाब, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. नाडी आधी का चाचपायची? काहींमध्ये आवाज मधेच काही अंतर गायब होतात, आणि थेट ऐकणाऱ्याला वरचा दाब खोटा कमी मिळतो. कृती करताना हे कारण सांगणारा विद्यार्थी परीक्षकाच्या लक्षात राहतो.

स्पॉटरचा (समोर ठेवलेली वस्तू किंवा स्लाइड ओळखून लिहिण्याचा) सराव घड्याळ लावून करा. ओळख, त्यामागच्या दोन खुणा, विचारलेला प्रश्न, याच क्रमाने लिहा. घंटा झाली की पुढे सरका. मागच्या स्पॉटरचा विचार पुढच्यावर नेलात तर दोन्ही जातात.

## टप्पा ८: उत्तर लिहिण्याचा आणि बोलण्याचा सराव

येणं आणि लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणीच्या निदान महिनाभर आधीपासून आठवड्याला एक मोठा प्रश्न आणि तीन शॉर्ट नोट घड्याळ लावून लिहा. वेळेचा हिशेब आधी करा. पेपर ३ तासांचा आणि १०० गुणांचा असेल तर वाचायला व तपासायला १५ मिनिटं बाजूला ठेवून एका गुणाला साधारण दीड मिनिट पडतं. म्हणजे १० गुणांच्या प्रश्नाला पंधरा-सोळा मिनिटं, त्यावर नाही. आवडत्या प्रश्नावर अर्धा तास घालवून शेवटचे दोन कोरे सोडणं, हे गुण जाण्याचं फार मोठं कारण आहे.

लिहायला लागण्यापूर्वी मिनिटभर समासात सांगाडा मांडा. अॅनाटॉमीच्या मोठ्या प्रश्नाला: स्थान, आकार व भाग, आजूबाजूच्या रचना, रक्तपुरवठा, नसा, लसिका, उपयोजित माहिती. आकृती उत्तराच्या सुरुवातीला, मोठी, पेन्सिलने, नावं एका बाजूला. नावं नसलेल्या सुंदर आकृतीपेक्षा नावं असलेली साधी आकृती जास्त गुण मिळवते. प्रश्नात फरक विचारला असेल तर तक्ता करा, परिच्छेद नको.

व्हायव्हासाठी जोडीदार शोधा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उभं राहून उत्तर द्यायचं, मग अदलाबदल. सुरुवात व्याख्येने करा, मग वर्गीकरण, मग तपशील. येत नसेल तर "सर, हे मला आत्ता आठवत नाही" असं सरळ म्हणा आणि पुढच्या प्रश्नाला तयार राहा. अंदाजाने नवे शब्द टाकू नका, कारण परीक्षक पुढचा प्रश्न त्याच शब्दावर विचारतो.

सावधान: गटाने अभ्यास करायचा तर आधी प्रत्येकाने स्वतंत्र वाचलेलं असावं. एकजण समजावतो आणि चौघे माना डोलावतात, अशा बैठकीत शिकतो तो समजावणाराच.

## टप्पा ९: शेवटचे चार आठवडे

पहिले दोन आठवडे खुणा केलेले सगळे विषय कोऱ्या कागदाने एकदा तपासा आणि त्यांचे तीन गट करा: येतं, अर्धवट येतं, येत नाही. सर्वाधिक वेळ मधल्या गटाला द्या, कारण थोड्या श्रमात जास्त गुण तिथे मिळतात. "येत नाही" मधलं फक्त वारंवार विचारलेलं घ्या. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा एक पूर्ण पेपर, खऱ्या वेळेत, मधे न उठता लिहा. चौथ्या आठवड्यात नवीन काही उघडायचं नाही. स्वतःचे कागद, आकृत्या, कार्ड आणि चुकांची वही, एवढंच.

चुकांची वही म्हणजे प्रत्येक चाचणीनंतर केलेली नोंद: काय चुकलं, आणि का. माहीत नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपला? चारही कारणांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला वाचन, दुसऱ्याला उजळणीच्या तारखा, तिसऱ्याला प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारण्याची सवय, चौथ्याला घड्याळ लावून लेखन.

आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आकृत्या आणि मूल्यं बघा. मग ओळखपत्र, प्रवेशपत्र, दोन पेन, पेन्सिल, खोडरबर, प्रॅक्टिकल असेल तर अॅप्रन आणि सही झालेलं जर्नल पिशवीत भरा आणि नेहमीच्या वेळी झोपा. पेपर झाल्यावर दाराशी उत्तरं पडताळत उभे राहू नका. चुकांच्या वहीतली नोंद सगळे पेपर संपल्यावर करा.